एकोणीस एकांची संख्या

वहींत एका ओळींत एकोणीस वेळां १ हा अंक लिहा. जी संख्या तयार होईल ती अशी:

१११११११११११११११११११

दिसावयास ती अगदीं बालबोध आहे. नुकतेच अंक गिरवूं लागलेल्या मुलासही ती लिहितां येईल. परंतु ती वाचावयाची म्हटली म्हणजे आपले नेहमींचे शब्द अपुरे पडतात. भास्कराचार्यांनीं ११५० च्या सुमारास रचिलेल्या 'लीलावती'त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांचीं नांवें सांगितलीं आहेत. आपली संख्या एकोणीस अंकी आहे. म्हणजे परार्धाचें घर ओलांडून ती एक पाऊल पुढें जाते. दर सेकंदास एक याप्रमाणें अहोरात्र मोजीत बसल्यास ती मोजून संपावयास साडेतीन हजार कोटि वर्षांहून अधिक काळ लागेल.

एवढ्या मोठ्या संख्येस १ आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येनें निःशेष भाग जात नाहीं. म्हणजेच ती मूळ संख्या आहे. आतां, हें विधान कोणीं सांगितलें म्हणून आपण मानावयाचें, कीं त्याची खात्री करून घेण्याची कांहीं वाट आहे? तीच वाट दाखविणें हा या लेखाचा हेतु आहे. ज्यास भागाकार चांगला येतो त्यास यांतील बहुतेक भाग समजेल. उरलेला भाग वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं पेन्सिल हातीं घेऊन सावकाश वाचावा.

मूळ आणि संयुक्त

कवाइतीच्या मैदानावर बारा मुलें उभीं करावयाचीं असल्यास त्यांच्या तीन सारख्या रांगा करितां येतात, चार करितां येतात, दोन व सहाही करितां येतात. तेरावा मुलगा आला कीं सारी घडी मोडते. तेरा मुलांची एक लांब रांग तेवढी होईल. सारख्या आंखूड रांगा होणार नाहींत. बारा ही संयुक्त संख्या, तेरा ही मूळ संख्या.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांस जोडणाऱ्या कृष्णामाईकडे पाहा. हरिपुराच्या संगमाखालीं जें पाणी वाहतें तें एकट्या कृष्णेचें नव्हे. सातारजवळ माहुलीस वेण्णा तिला मिळालेली असते, कऱ्हाडास कोयना मिळालेली असते, आणि हरिपुरास वारणा येऊन मिळते. संयुक्त संख्या अशाच संगमासारखी असते. तिच्या प्रवाहांचा माग घेत वर चढत गेलें म्हणजे शेवटीं आपण उगमांशीं पोंचतों. हे उगम म्हणजे मूळ संख्या. कोणी कोणत्याही काठानें चढला तरी त्यास तेच उगम सांपडतात: ६० चे अवयव कसेही पाडा, अखेरीस २, २, ३ आणि ५ हेच हातीं येतील. असे उगम किती आहेत? त्यांस अंत नाहीं, हें युक्लिड या ग्रीक पंडितानें दोन हजार वर्षांपूर्वींच सिद्ध केलें आहे.

एकावली

ज्या संख्येंत १ खेरीज दुसरा अंक नाहीं तिला गणिती लोक 'रेप्युनिट' म्हणतात. हें नांव आल्बर्ट बाइलर यांनीं १९६६ मध्यें दिलें. आपण सोयीसाठीं तिला 'एकावली' म्हणूं. एकपदरी माळेस हा शब्द आपल्याकडे आहेच.

एकावलींतील मूळ कोणत्या? पहिली पायरी सोपी आहे. सहा एकांची एकावली घ्या आणि दोन-दोन एकांचे गट पाडा: ११ ११ ११. प्रत्येक गटास ११ नें भाग जातो, म्हणून सबंध संख्येसही जातो. १११११११ नव्हे, तर १११११११ मधील एक एक गाळून उरलेली १११११ १ ही संख्या, म्हणजे १,११,१११, ही ११ × १०,१०१ इतकी भरते. तीन-तीनांचे गट पाडल्यास तिलाच १११ नेंही भाग जातो. तात्पर्य, एकांची गणती जर संयुक्त असेल, तर ती एकावलीही संयुक्तच असते. म्हणून मूळ एकावली शोधावयाची तर एकांची गणती मूळ असलीच पाहिजे.

परंतु तेवढ्यानें भागत नाहीं. गणती मूळ असूनही संख्या फुटते, याचे दाखले पाहा:

३ एक: १११ = ३ × ३७
५ एक: ११,१११ = ४१ × २७१
७ एक: ११,११,१११ = २३९ × ४,६४९
११ एक: = २१,६४९ × ५,१३,२३९
१३ एक: = ५३ × ७९ × २६,५३,७१,६५३
१७ एक: = २०,७१,७२३ × ५,३६,३२,२२,३५७

दोन एकांची ११ ही मूळ आहे. त्यानंतर मात्र सतरापर्यंत प्रत्येक ठिकाणीं निराशा. पुढील मूळ गणती एकोणीस, आणि तेथें ही माळ तुटत नाहीं. ऑस्कर होपे यांनीं ती मूळ असल्याचें सिद्ध केलें. त्यानंतर १९२९ मध्यें तेवीस एकांची संख्याही मूळ ठरली.

देवळालीचे गुरुजी

एकांच्या या माळांवर जीव लावणारा एक मनुष्य आपल्याच महाराष्ट्रांत होऊन गेला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्यें डहाणू येथें झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत शिकत असतां १९२७ मध्यें त्यांस रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें गणिताचें पारितोषिक मिळालें. (याच कॉलेजाचे पुढें प्राचार्य झालेले रँग्लर ग. स. महाजनी हे सातारचे.) १९२९ मध्यें पदवी घेऊन कापरेकर नाशिकजवळ देवळालीस शाळामास्तर झाले, आणि १९६२ पर्यंत त्यांनीं तेंच काम केलें.

एकावलींचे वर्ग करून पाहा: ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२,३२१, चार एकांचा वर्ग १२,३४,३२१. नऊ एकांपर्यंत हा चढउतार अखंड चालतो. कापरेकरांनीं अशा संख्यांस 'डेमलो संख्या' हें नांव दिलें. डेमलो म्हणजे आजचें डोंबिवली. १९४९ मध्यें त्यांनीं ६१७४ या संख्येचा चमत्कार मद्रासच्या गणितपरिषदेपुढें मांडिला. चार अंक घ्या, मात्र चारही सारखे नसावेत. त्यांची मोठ्यांत मोठी व लहानांत लहान संख्या करून वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर पुन्हां तीच क्रिया करा. सात खेपांच्या आंत ६१७४ येते व तेथेंच थांबते.

त्यांचें हें काम म्हणजे पोरखेळ, असें म्हणणारे विद्वान् त्या काळीं पुष्कळ होते. त्यांचे बरेचसे लेख लहानसहान नियतकालिकांतून निघाले, कांहीं त्यांनीं स्वतःच छापिले. १९७५ मध्यें मार्टिन गार्डनर यांनीं अमेरिकेतील 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकांत त्यांच्याविषयीं लिहिलें, आणि मग जगास देवळालीचे गुरुजी ठाऊक झाले. १९८६ मध्यें ते वारले. त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. कागद, पेन्सिल आणि कुतूहल एवढेंच भांडवल होतें. तेवढें आपल्यापैकीं प्रत्येकाजवळ आहे.

भाजक कोठें शोधावा

असो. आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. एकोणीस एकांच्या संख्येस भाजक नाहीं याची खात्री कशी करावी?

संयुक्त संख्येचा निदान एक मूळ अवयव तिच्या वर्गमुळाहून मोठा नसतो. आपल्या संख्येचें वर्गमूळ सुमारें १०५ कोटि आहे. तेथपर्यंत प्रत्येक संख्येनें भागून पाहणें अशक्य; परंतु सर्वच संख्या तपासण्याची गरज नाहीं.

१०, १००, १०००... या संख्यांस ४१ नें भागून बाकी लिहा: १०, १८, १६, ३७, १. पांचव्या पायरीस १ आला. येथून पुढें तेंच चक्र फिरूं लागतें. पांच एकांच्या संख्येस ४१ नें भाग जातो, त्याचें मर्म या पांच पायऱ्यांच्या चक्रांत आहे. पियेर द फर्मा या फ्रेंच गणित्यानें १६४० मध्यें असें सांगितलें कीं, भाजक मूळ असेल तर अशा चक्राची लांबी भाजकाहून एकानें लहान असलेल्या संख्येस निःशेष भागते. येथें ४१ उणें १ म्हणजे ४०, आणि ४० ला ५ नें भाग जातो. २७१ चें तसेंच: २७० ला ५ नें भाग जातो.

हाच नियम एकोणीस एकांस लावा. तिच्या कोणत्याही मूळ भाजकाचें चक्र एकोणीस पायऱ्यांचेंच असलें पाहिजे. (चक्र एकाच पायरीचें असणारा ३ हा एकटा अपवाद, पण येथें अंकांची बेरीज १९ असल्यामुळें ३ नें भाग जात नाहीं.) म्हणून भाजकांतून १ वजा केल्यास उरलेल्या संख्येस १९ नें भाग गेला पाहिजे, आणि भाजक विषम असल्यामुळें २ नेंही गेला पाहिजे. म्हणजे भाजक ३८ च्या पाढ्यांतील संख्येहून एकानें मोठा असावयास हवा: १९१, २२९, ४१९, ४५७ अशा प्रकारचा.

एका घावांत शोधाचें क्षेत्र अडतिसाव्या हिश्शावर आलें. तरी सुमारें पावणेतीन कोटि भागाकार उरतात. मिनिटास एक याप्रमाणें रोज आठ तास काम केलें तरी १५८ वर्षें लागतील. त्यांतून केवळ मूळ संख्याच निवडल्या तर सुमारें तीस लाख भागाकार, म्हणजे सतरा वर्षें.

शेजाऱ्याची साक्ष

याहून चांगली वाट आहे, आणि तिच्यांत गंमत अशी कीं, संख्येविषयीं साक्ष तिचा शेजारी देतो. फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनीं एकोणिसाव्या शतकांत या कसोटीचा पाया घातला, व अमेरिकन गणिती लेमर यांनीं १९२७ मध्यें तिला सोपें रूप दिलें.

लहान उदाहरण घेऊं. ११ ही मूळ आहे काय? तिचा शेजारी १०. त्याचे मूळ अवयव २ आणि ५. आतां २ चा दहावा घात १०२४. त्यास ११ नें भागल्यास बाकी १ उरते. एवढ्यावर निकाल देऊं नये. दहास दोन्ही अवयवांनीं भागून येणारे ५ आणि २ हे घातही पाहावे: २ चा पांचवा घात ३२, बाकी १०, दुसरा घात ४, बाकी ४. कोठेंही मध्येंच १ आला नाहीं. म्हणजे चक्र पुरें दहा पायऱ्यांचें आहे, आणि त्यांत १ पासून १० पर्यंतची प्रत्येक बाकी येते. ११ ला जर एखादा लहान भाजक असता, तर तो भाजक बाकी म्हणून या चक्रांत कधींच आला नसता. कारण एकदां तो आल्यावर पुढील प्रत्येक बाकीस त्यानें भाग गेला असता, आणि चक्र १ वर परतलें नसतें. म्हणून ११ मूळच.

दुसरी अर्धी कसोटी कां हवी, तें ३४१ या संख्येवरून कळतें. २ च्या ३४० व्या घातास ३४१ नें भागल्यास बाकी १ च उरते. वरवर पाहणारा तिला मूळ म्हणेल. परंतु ३४० ला १७ नें भागून आलेल्या विसाव्या घातासही बाकी १ च उरते! सोंग उघडें पडलें. ३४१ म्हणजे ११ × ३१.

आतां आपल्या संख्येचा शेजारी पाहा: अठरा एक आणि शेवटीं शून्य. त्याचे अवयव पाडणें कठीण नाहीं, कारण अठरा ही संयुक्त गणती आहे आणि एकावलीचा पहिला नियम येथें कामास येतो. ते अवयव असे: २, ५, ३, ३, ७, ११, १३, १९, ३७, ५२,५७९ आणि ३,३३,६६७. वेगळे असे दहाच. घात प्रचंड असला तरी वर्गाचा वर्ग, त्याचा पुन्हां वर्ग, आणि दर वेळीं बाकी तेवढी ठेवणें, या रीतीनें सुमारें साठ वेळां वर्ग केले म्हणजे तेथवर पोंचतां येतें. दहाही अवयवांसाठीं धरून कांहीं शें गुणाकार होतील. दीडशें वर्षांचें काम चिकाटीच्या मनुष्याच्या हातून कांहीं महिन्यांत आटोपेल. यंत्र तेंच निमिषांत करितें.

एक दुर्मिळ गुण

१ ला ३७ नें भागा: ०.०२७०२७... तीन अंक पुनःपुन्हां येतात. १ ला ४१ नें भागल्यास ०२४३९ हे पांच अंक फिरतात. २७१ नें भागल्यासही पांचच, ते ००३६९. म्हणजे पांच अंकांचें आवर्तन असणारे मूळ भाजक दोन आहेत. आतां १ ला एकोणीस एकांच्या संख्येनें भागा. दशांशचिन्हापुढें अठरा शून्यें, मग एक ९, आणि पुन्हां तेंच. आवर्तन एकोणीस अंकांचें झालें. असें आवर्तन असलेला भाजक एकोणीस नवांच्या संख्येस भागणारा असला पाहिजे. ती संख्या म्हणजे आपल्या एकावलीची नऊपट. आणि आपली एकावली तर फुटत नाहीं. सबब साऱ्या मूळ संख्यांत एकोणीस अंकांचें आवर्तन असणारी ही एकटीच.

मोठ्या नांवापुढें न दिपणें

१६४४ मध्यें मरीं मर्सेन या विद्वान् ख्रिस्ती संन्याशानें २ च्या कांहीं घातांतून १ वजा केल्यावर येणाऱ्या मूळ संख्यांची यादी प्रसिद्ध केली. तींत ६७ वा घात होता. २३२ वर्षांनीं, १८७६ मध्यें, ल्युका यांनीं ती संख्या मूळ नसल्याचें दाखविलें. आणि १९०३ मध्यें अमेरिकेचे प्रोफेसर कोल यांनीं तिचे दोन अवयव पुढें ठेविले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. मर्सेन मोठा होता यांत शंका नाहीं. परंतु भागाकार कोणाचा मोठेपणा पाहत नाहीं. बिरुया नगरांतील लोकांनीं प्रत्यक्ष प्रेषिताचें बोलणेंही शास्त्राशीं ताडून पाहिलें, आणि त्याबद्दल त्यांस दोष न देतां शास्त्रांत त्यांची वाखाणणीच केलेली आहे.

हीच सावधगिरी गणित्यांनीं आजवर पाळिली आहे. ३१७ एकांची संख्या, व १९८६ मध्यें १०३१ एकांची, मूळ सिद्ध झाली. ४९,०८१ एकांची संख्या मूळ असावी असें हार्वे डबनर यांस १९९९ मध्यें आढळलें. तरी 'असावी' हा शब्द गळून 'आहे' म्हणावयास २०२२ साल उजाडावें लागलें. २००२ मध्यें कानपूरच्या आय्. आय्. टी. मधील मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे तरुण विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनीं कोणत्याही संख्येचें मूळपण निश्चित व शीघ्र ठरविण्याची रीत शोधून जगास चकित केलें. २०२४ मध्यें सांपडलेल्या एका मूळ संख्येंत तर चार कोटि दहा लाखांहून अधिक अंक आहेत.

पालकांस दोन शब्द

"याचा उपयोग काय?" असें वडील मंडळी विचारतील, व तें योग्यच आहे. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणें सोपें, पण गुणाकारावरून त्या ओळखणें अतिशय कठीण. या गोष्टीवर १९७७ मध्यें गुप्तलेखनाची एक पद्धति उभारली गेली. पेढीचे व टपालाचे व्यवहार आज तारेवरून होतात, त्यांच्या कुलपांत अशा संख्यांचा मोठा वांटा आहे.

परंतु आमच्या मतें खरा उपयोग याहून जवळचा आहे. आज हातांतील दूरध्वनि मागेल तें उत्तर क्षणांत देतो. मूल तें उतरून घेतें, गुण मिळवितें, आणि आपणांस कांहीं आलें नाहीं हें त्यालाही कळत नाहीं. उत्तर सांगणारे पुढें आणखी वाढतील. उत्तर पडताळणारे मात्र घडवावे लागतात. सायंकाळीं मुलास "उत्तर काय आलें?" असें विचारण्याऐवजीं "तें बरोबर कशावरून?" असें विचारा. त्यासाठीं पालकांस गणित येण्याची गरज नाहीं. आपल्या मुलीस गणित झेपणार नाहीं असें ज्यांस वाटतें, त्यांनीं हा प्रश्न तिलाही विचारावा, आणि तिचें सांगणें पुरें ऐकून घ्यावें.

सुटींतील अभ्यास

१. नऊ एकांच्या संख्येस १११ नें भाग जातो हें गट पाडून दाखवा.
२. १०, १००, १००० यांस ३७ नें भागून बाक्या लिहा. चक्र किती पायऱ्यांचें? ३६ शीं त्याचा संबंध काय?
३. तेवीस एकांच्या संख्येस भाजक असताच, तर तो कोणत्या पाढ्याहून एकानें मोठा असता? अशा पहिल्या तीन मूळ संख्या लिहा.
४. दहा एकांचा वर्ग करा. डेमलो संख्यांचा चढउतार येथें कां बिघडतो?
५. शेजाऱ्याच्या साक्षीनें १३ ही मूळ असल्याचें सिद्ध करा.

उत्तरें येथें मुद्दाम दिलीं नाहींत. तीं बरोबर आहेत कीं नाहींत, हें ज्याचें त्यानें पडताळून पाहावें.